डाव्या सीटवरचा ब्रेक

दादा,

आई आत मशीनवर आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. पिंपरीच्या या दवाखान्यात आता आमचं सोमवारी आणि गुरुवारी येणं ठरलेलं असतं. तिच्या किडन्यांनी काम सोडलंय. त्यामुळे हाताला सुया लावून अंगातलं रक्त मशीनमधून फिरवून स्वच्छ करून घ्यावं लागतं आणि त्यात अर्धा दिवस जातो. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्यापेक्षा धडधाकट होती, तुमच्या गोळ्यांच्या वेळा तीच सांभाळायची. या सोमवारी इकडे येताना जे झालं ते मी अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं आधी बंपरला काही लागलं का ते विचारलं असतं. तुम्ही विचारलं असतंत, गिअर कधी टाकलास. बापाचा प्रश्न मला परवडतो, म्हणून तुम्हाला लिहिते.

आधी आईचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. तिला हे उपचार नको आहेत. तोंडानं तसं म्हणत नाही, पण न येण्याची कारणं शोधत असते. आज अमावस्या आहे, आज पाहुणे यायचेत, आज सुई नीट लागायची नाही असं वाटतंय. पूर्वी आम्ही भाड्याच्या गाडीनं यायचो. ड्रायव्हर सारखा फोनवर बोलतो म्हणून एकदा ती चाकणच्या चौकातच उतरली आणि चालत घरी गेली. ती खेप चुकली आणि तिला श्वास घेता येईना, अंगात पाणी साठलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अशा खेपा चुकवायला लागल्या तर फार दिवस हातात नाहीत. घरी आल्यावर मी तिच्यावर इतकी चिडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मग मी एक जुनी गाडी घेतली, लग्नानंतर हात न लावलेलं स्टेअरिंग पुन्हा धरलं आणि तिला म्हटलं, मी फोनवर बोलत नाही, आता बोल.

ती बोलली. गाडी दारात आली त्या दिवशी तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि देहूहून आणलेला नारळ मात्र फोडला नाही. तो लाल खणात बांधला आणि म्हणाली की हा गाडीत असला तर मी बसते, न्हाईतर न्हाई. मी लगेच हो म्हटलं. तिनं गाडीत हत्ती ठेवायला सांगितला असता तरी मी हो म्हटलं असतं. नारळ आधी डॅशबोर्डवर ठेवला होता, तो पहिल्याच वळणावर घरंगळून तिच्या मांडीवर पडला. मग मी तो डिकीत स्टेपनीशेजारच्या खाचेत पक्का बसवला. आईला ते पटलं नव्हतं. देवाला डिकीत ठेवत्यात व्हय, असं ती एकदा म्हणाली आणि मग गप्प बसली. ती गप्प बसली की मी सावध व्हायला हवं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

मी नारळ डिकीत का ठेवला ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आकुर्डीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता, म्हणजे एक टेबल, एक बाक आणि मागं लाल अक्षर लावलेली एक गाडी. कंपनीत नव्यानं लागलेली मुलं यायची, लग्न ठरलेल्या मुली यायच्या. त्यांना तुम्ही आधी गाडीत बसूच द्यायचा नाहीत. गाडीभोवती चक्कर मारायला लावायचात, खाली तेलाचा डाग पडलाय का, कुठलं टायर बसलंय का. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसायची, पुन्हा बुडवून पाहायची, ब्रेक ऑइलची पातळी पाहायची, समोरच्या भिंतीवर दिवे पाडून पाहायचे. मुलं कंटाळायची आणि मी तर तुमची मुलगी, मला कंटाळायचा जास्तच हक्क आहे असं मला वाटायचं. एकदा मी कॉलेजची पर्स पायाशी टाकून गाडी सुरू केली. तुम्ही काहीच न बोलता तुमच्या बाजूचा ब्रेक दाबलात, खाली उतरून माझ्या बाजूनं आलात, पर्स उचललीत आणि रस्त्याच्या कडेला ठेवून दिलीत. मग मला गाडी पुढं घ्यायला लावलीत. मी रडकुंडीला आले, म्हटलं दादा, त्यात माझं परीक्षेचं ओळखपत्र आहे. तुम्ही म्हणालात, "तीच पर्स ब्रेकखाली गेली असती तर कुनाच्या पोरावर गाडी घातली असतीस? पायाशी काय ठिवायचं न्हाई." स्टेशनपर्यंत जाऊन वळून येईपर्यंत पर्स तिथंच होती, कुणी नेली नाही, पण मी तुमच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही.

त्या गाडीला डाव्या सीटच्या पुढ्यातही क्लच आणि ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी. त्याचा मला फार राग यायचा. चौकात गाडी नीट थांबली की मला कधीच कळायचं नाही, ती मी थांबवली की तुम्ही. विचारलं तर तुम्ही बाहेर बघत म्हणायचात, म्या नुसता बसलो व्हतो. रविवारी आपण तिघं कुठं निघालो तर तुम्ही उजवीकडे बसायचात आणि आई त्या पेडलांच्या पुढ्यात. तुम्ही तिला पाय आखडून बसायला सांगायचात. ती हो म्हणायची आणि मागच्या सीटवरून मला दिसायचं की तिचा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला आहे. तुम्हालाही दिसत असणार, पण तुम्ही काही बोलायचा नाहीत.

आणि तो भोसरीतला गुरुवार. गुरुवारी एमआयडीसीतल्या कंपन्यांना सुट्टी, रस्ते मोकळे, गेटवरचे वॉचमनसुद्धा पेंगत बसलेले. तुम्ही मला म्हणालात, आज ब्रेक न्हाई तुला, ब्रेक गेलाय असं समज आणि गाडी थांबव. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. चौथ्या गिअरमध्ये गाडी आणायची, पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, तिसरा, दुसरा, प्रत्येक गिअरला इंजिनाला गाडी ओढून धरू द्यायची, मग हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच तो थोडा थोडा वर घ्यायचा, एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात. चावीला हात लावायचा नाही, घाबरून चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं आणि मग देवच वळवेल गाडी. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि तरी प्रत्येक वेळी माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गेला की तुम्ही गाडी परत त्या टोकाला न्यायला लावायचात. दुपार होईपर्यंत मी रडत रडत गाडी थांबवत होते. घरी आल्यावर मी आईला सांगितलं की मला ड्रायव्हिंग शिकायचंच नाही, तुझा नवरा जल्लाद आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट आणलेत, टाचेच्या चपलेनं पेडल कळत नाही म्हणालात. बूट एक नंबर मोठे होते. मी ते घातले, पण तुम्हाला आवडले म्हणून कधी सांगितलं नाही.

आता सोमवार. सकाळी मी डबे भरत होते. आई म्हणाली, चावी दे, पिशवी गाडीत ठिवते. मी चावी दिली. निघताना तिला पट्टा लाव म्हटलं, क्लिक असा आवाज आला, गाडीनं टुंटुं केलं नाही, माझं समाधान झालं. चाकणच्या गर्दीतून बाहेर पडून नाशिक रोडला लागलो. कंपन्यांच्या बसेस, कंटेनर, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या, रोजचंच. चिंबळी फाटा मागं पडला आणि इंद्रायणीच्या पुलाकडे रस्ता उतरायला लागला. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा माझ्या सीटखाली काहीतरी धप्प झालं. पाण्याची बाटली असेल असं वाटलं, आणि बाटली तरी तिथं कशी, असं मनात येतंय तेवढ्यात पुढच्या कंटेनरचे लाल दिवे लागले.

मी ब्रेकवर पाय देते आणि पेडल खाली जात नाही. थोडं जातं आणि घट्ट अडतं. मी पुन्हा दाबते, जोरानं. बुटाच्या टोकाला काहीतरी गोल, टणक लागतं, पायानं ते बाजूला ढकलायला जाते तर ते आणखी आत रुततं. कंटेनरचं मागचं लोखंड मोठं होत चाललंय. डावीकडे एका स्कूटरवर नवराबायको आणि मध्ये मूल, तिकडे गाडी घालता येत नाही. खाली वाकून बघावंसं वाटतं आणि बघायचं नाही हेही कळतं. मी डावीकडे बघितलं. का बघितलं ते तुम्हाला कळेल. तुमचे पाय तिथं नव्हते. आईचे सुजलेले पाय होते, चपला काढलेल्या, आणि उजवा पाय रबरी मॅटवर सगळं बळ लावून दाबलेला. आणि त्याच नजरेत मला दिसलं की पट्टा तिच्या छातीवर नाही. सुयांच्या हाताला घासतो म्हणून तिनं तो पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवला होता, गाडी ओरडू नये म्हणून.

म्हणजे धडकायचं नाही, आणि एकदम थांबायचंही नाही, नाहीतर ती सरळ काचेवर जाणार. एअरबॅग उघडली तर पट्ट्याशिवायच्या माणसाला ती वाचवते की मारते, असले विचार त्या वेळी येतात हे मला माहीत नव्हतं. हॉर्नवर हात दाबून धरला, चारही इंडिकेटर लावले, तिसरा टाकला. इंजिन किंचाळलं. दुसरा. गाडी मागून कुणीतरी धरल्यागत ओढली गेली. हॉर्न ऐकून स्कूटरवाला दचकून पुढं निसटला आणि डावी बाजू मोकळी झाली. तिथं रुंदीकरणाचा मुरूम ढीग घालून टाकलेला होता. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं आणि तो थोडा थोडा वर घेत राहिले, आईला म्हटलं, आई, डॅशबोर्डला दोन्ही हात लाव आणि मान मागं टेकव. कंटेनरच्या मागच्या कोपऱ्याजवळून गाडी डावीकडे उतरली, मुरुमात चढली, दोन हिसके बसले आणि बंद पडली. मी या वेळी ब्रेकवरून पाय काढलेला होता, दादा. तुम्ही गाडी परत त्या टोकाला न्यायला लावली नसती.

स्कूटरवाला पुढं जाऊन थांबला होता. बायको-मुलाला उतरवून तो पळत आला आणि ताई, काय झालं, टायर फुटला का, असं विचारायला लागला. मी म्हटलं, काही नाही भाऊ, तुम्ही जा. तो जाईना, पाणी देऊ का म्हणाला. मी तोवर खाली वाकून पेडलमागं हात घातला होता आणि हाताला लाल खण लागला होता.

आईनं तेव्हा डोळे उघडले. कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "नारळ व्हता म्हणून वाचलो गं."

मला इतका संताप आला की काय सांगू. तो नारळ तिच्या मांडीत आपटावा असं वाटलं. तिनंच सकाळी पिशवी ठेवताना डिकीतून काढून माझ्या सीटखाली सरकवला होता, लेकीच्या जवळ देव असावा म्हणून. पण मला हेही दिसत होतं की तोच ब्रेकखाली अडकला हे तिला कळलं तर तिला हवं असलेलं कारण मिळालं. माझ्यामुळं लेक मरायला टेकली व्हती, आता मी बसत न्हाई. यापुढं तिला गाडीत बसवायला मला जगातलं कुठलंच कारण पुरलं नसतं. म्हणून मी नारळ ओढणीत गुंडाळला, टायर बघते म्हणून मागं गेले आणि डिकीत टाकला. स्कूटरवाल्यानं ते पाहिलं आणि तो आपल्या स्कूटरकडे वळला. मग परत येऊन मी माझा सगळा राग पट्ट्यावर काढला. असा पट्टा लावतात का, मूर्ख आहेस का, स्वतःला फसवतेस की गाडीला, असं मोठ्यानं ओरडले. ती ओशाळून ऐकत राहिली. मी ब्रेक रिकाम्या जागी पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, पुढं-मागं थोडी गाडी हलवून पाहिली, आणि आम्ही दवाखान्यात आलो. तिची खेप चुकली नाही.

त्या दिवशी याच बाकावर बसले होते. मी मनात वाक्यं जुळवत होते, परत जाताना काय सांगायचं, ब्रेकमध्ये पाणी गेलं होतं असं सांगू की मॅट सरकली होती असं सांगू. त्यातलं एकही लागलं नाही. मग परत निघालो. पट्टा मी स्वतः तिच्या छातीवरून लावला होता. भोसरीच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो तेव्हा ती पुढं बघत म्हणाली, "पायाखाली त्योच अडकला व्हता न्हवं? म्या बघितला तुझ्या हातात."

मी आरसा नीट केला.

"मग आता मी न्हाई यायची. तुझ्या जिवावर उठून मला जगायचं न्हाई. राहू दे बाई हे रक्त धुनं."

सिग्नल लाल होता. ज्याची मला भीती होती तेच वाक्य होतं, आणि त्याला उत्तर कितीतरी दिवसांपासून माझ्या जिभेवर तयार होतं. पण ते लगेच आलं नाही. गाडी न्यूट्रलला होती, मी स्टेअरिंगवर हात ठेवून समोरच्या रिक्षाच्या मागं लिहिलेलं वाचत बसले. ती वाट बघत होती. सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, मी गाडी काढली, आणि पूल मागं पडल्यावर म्हटलं, "तू नाही आलीस तर मी चिडू कुणावर?"

ती हसली. म्हणाली, चिडतीस तर लईच. बापावर गेलीस.

आज सकाळी मी उठले तेव्हा ती अंघोळ करून पायरीवर बसलेली होती, पिशवी भरून. गाडीत बसल्यावर पट्टा तिनं स्वतः छातीवरून घेतला आणि सुयांच्या हाताला घासू नये म्हणून मध्ये टॉवेलची घडी ठेवली. मी सीटखाली हात घालून पाहिलं, काही नव्हतं. डिकीत पाहिलं, तिथंही नव्हतं. नारळाचं काय केलंस ते मी विचारलं नाही. आज गुरुवार, रस्ता मोकळा होता, तरी पुलाच्या उतारावर मी अगोदरपासून ब्रेकवर हलका पाय देऊन पाहत होते, आणि तिच्याही पायाकडे माझं लक्ष होतं. तो मॅटवर दाबलेलाच होता.

सिस्टर आता येऊन सांगून गेली की थोड्या वेळात आईला सोडतील. तेवढ्यात राहिलेलं लिहून टाकते. त्या सिग्नलला मी दमले होते म्हणून गप्प राहिले, असं गेले तीन दिवस मी स्वतःला सांगतेय. तसं नव्हतं. ती येणार नाही म्हणाली तेव्हा मला आधी वाईट वाटलं नाही. मला सोमवार मोकळा दिसला. घरी उशिरापर्यंत झोपलेली मी दिसले, हा बाक दिसला आणि त्यावर मी नव्हते. सकाळी जिला काचेवर जाऊ दिलं नाही, तिला दुपारी मी त्या एका सिग्नलपुरतं सोडून दिलं होतं. तिनं ते ओळखलं का, मला माहीत नाही. आज ती इतक्या लवकर तयार होऊन बसली ते ओळखून बसली की न ओळखता, तेही माहीत नाही. तिला विचारायची माझी छाती नाही.

हा कागद मी घरी जाऊन फाडणार आहे. कुणाच्या हाती पडावा असा तो नाही. तुम्हाला एवढ्यासाठी सांगितलं, की तुमच्याकडून ही गोष्ट आईला कळायची तर आधी तिला तुमच्याकडं यावं लागेल. ते इतक्यात होऊ नये, दादा. मला तिच्यावर अजून पुष्कळ चिडायचंय.